टूरिंग गाडी, फोन आणि हेल्मेटमधला हेडसेट : जोडणी दर वेळी का तुटते?

लक्षण आधी सांगतो, म्हणजे तुमचं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. आदल्या रात्री पार्किंगमध्ये फोन, हेडसेट आणि गाडी (म्हणजे स्क्रीन असलेली, लांब पल्ल्याची मोटरसायकल) सगळं नीट जोडलं. गाणं वाजलं, नकाशा स्क्रीनवर आला, एक कॉल करून पाहिला तर समोरच्याला आवाजही स्वच्छ गेला. पहाटे पाचला निघालो, तर स्क्रीनवर फोनचं नाव दिसतंय, हेल्मेटमधला निळा दिवाही लुकलुकतोय, पण कानात काहीच नाही. कधी गाणं येतं पण रस्ता सांगणारा आवाज येत नाही. कधी कारप्लेचं (आयफोनमधला नकाशा, गाणी, कॉल गाडीच्या स्क्रीनवर आणणाऱ्या सोयीचं) चिन्हच करडं पडलेलं असतं, दाबलं तरी उघडत नाही. मग कामठी रोडवर कडेला थांबून सगळं पुसायचं, पुन्हा जोडायचं, आणि पुढच्या रविवारी परत तेच.

माझ्याकडे हे जवळपास एक अख्खा उन्हाळा चाललं. हेडसेट खराब झालाय असं धरून नवा घ्यायला निघालो होतो. बरं झालं घेतला नाही, कारण हेडसेट चांगला होता, फोन चांगला होता आणि गाडीही चांगली होती. तिघांची एकमेकांशी बांधणीच चुकीची होती.

घाईत असाल तर एवढंच करा. फोन गाडीला जोडा. हेडसेट गाडीला जोडा. हेडसेट आणि फोन यांची आपसांतली थेट जोडणी मात्र पूर्ण काढून टाका. नुसती तोडू नका, दोन्हीकडच्या यादीतून नावच पुसा. दहातल्या आठ जणांचं काम एवढ्यात होईल असं मला मनापासून वाटतं. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

हे असं का, ते समजून घेतलं तर पुन्हा कधी बिघडलं तरी स्वतःच शोधता येतं. ब्लूटूथच्या जोडणीत दोन टोकांची कामं ठरलेली असतात. एक टोक आवाज पुरवतं, दुसरं तो कानापर्यंत पोहोचवतं. साध्या मोटरसायकलवर फोन पुरवतो आणि हेडसेट ऐकवतो, विषय संपला. टूरिंग गाडीची यंत्रणा या दोघांच्या मध्ये येऊन बसते. फोनपुढे ती हेडसेट होते आणि हेडसेटपुढे फोन होते. एकच बाई सासरी सून आणि माहेरी लेक असते, तसं. आता हेडसेटला एकाच वेळी खरा फोनही जोडलेला असेल आणि फोनचं काम करणारी गाडीही, तर त्याला दोन धनी झाले. मग ज्याचा हात आधी पोहोचला, त्याचं तो ऐकतो.

त्यात आणखी एक गुंता आहे. ब्लूटूथची जोडणी वरून एक दिसत असली तरी आतून तिच्यात दोन वेगळ्या वाटा असतात. गाण्यांची वाट एकतर्फी आणि स्टिरिओ असते, तिला ए-टू-डी-पी म्हणतात. कॉलची वाट दुतर्फी आणि मोनो असते, ती एच-एफ-पी. या दोन वाटा एकमेकींपासून स्वतंत्र तुटतात आणि जुळतात. म्हणून 'अर्धं चालतं, अर्धं नाही' अशी तक्रार असेल तर ती या विषयातली सगळ्यात उपयोगाची खूण समजा. गाणी गाडीतून येतात पण कॉल आला की हेडसेट गप्प बसतो, याचा अर्थ गाण्यांची वाट गाडीकडे आहे आणि कॉलची वाट फोनने धरून ठेवली आहे. कॉल नीट होतो पण गाणं फोनच्या किंवा गाडीच्या स्पीकरवर वाजतं, तर उलट झालंय. दोन्ही नाही आणि तरी दिवा निळा, तर हेडसेट तिसऱ्याच कुणाला जाऊन चिकटलाय. घरच्यांचा फोन तपासा, जुना फोन तपासा, टॅबही तपासा.

माझ्या बाबतीत मला छळणारा प्रश्न हा होता की रात्री चालतं आणि सकाळी चालत नाही, असं का? शेवटी एका वहीत लिहायला लागलो. तारीख, काय चाललं, काय नाही, आणि आधी काय सुरू केलं. सीताबर्डीला कारची म्युझिक सिस्टीम बसवणारा माझा एक मित्र आहे. त्याने वही दोन मिनिटं चाळली आणि म्हणाला, "तू घरूनच हेल्मेट घालून निघून राहिला न, म्हणून होऊन राहिलं हे."

त्याचं बरोबर होतं. रात्री पार्किंगमध्ये मी आधी गाडीची किल्ली फिरवायचो, मग हेल्मेट उचलायचो. सकाळी मात्र दाराला कुलूप लावतानाच हेल्मेट डोक्यात आणि हेडसेटचं बटण दाबलेलं. फोन जॅकेटच्या खिशात, त्याचं ब्लूटूथ सुरू. चौथ्या मजल्यावरून लिफ्ट खाली येईपर्यंत फोनने हेडसेट धरलेला असायचा. मी गाडीपाशी पोहोचून किल्ली फिरवली की गाडी हेडसेटला हाक मारायची, आणि तो आधीच फोनशी बोलण्यात गुंतलेला. गाडीला फोन मिळायचा, हेडसेट मिळायचा नाही. स्क्रीनवर फोनचं नाव दिसण्याचं आणि कानात काही नसण्याचं कोडं तिथेच सुटलं.

क्रम बदलला की काम भागतं, पण तो रोज लक्षात ठेवावा लागतो. नाव पुसून टाकलं की क्रम चुकला तरी बिघडत नाही. म्हणून मी पुसण्याच्या बाजूने आहे.

आता स्वच्छ सुरुवात कशी करायची ते सांगतो. पार्किंगमध्ये एकट्याने करा, घरातले बाकीचे फोन वर ठेवा. पहिलं काम पुसण्याचं, आणि ते तिन्हीकडून. फोनच्या ब्लूटूथ यादीत गाडी आणि हेडसेट दोन्हींच्या नावापुढे जाऊन 'फरगेट' करा. गाडीच्या यादीतून फोन आणि हेडसेट काढा. हेडसेटमधल्या सगळ्या जोड्या पुसायची बटणांची युक्ती त्याच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती करा. बहुतेक जण फक्त फोनमधून पुसतात आणि इथेच फसतात. एका बाजूला जुन्या जोडणीची नोंद शिल्लक राहिली की नवी जोडणी वरवर होते आणि दोन दिवसांनी तुटते.

मग गाडीची किल्ली फिरवा. इंजिन सुरू करायची गरज नाही, पण स्क्रीन आणि ॲम्प्लिफायर बॅटरी खातात, तेव्हा अर्धा-अर्धा तास तसंच बसू नका. आधी हेडसेट गाडीला जोडा, आणि गाडी 'चालक की मागचा' असं विचारत असेल तर चालकाच्या जागी जोडा. त्यानंतर फोन गाडीला जोडा. फोन संपर्क आणि संदेशांची परवानगी मागेल ती द्या. नंतर फोनमध्ये गाडीच्या नावापुढची सेटिंग उघडून बघा. अँड्रॉइडवर कॉल आणि मीडिया अशी दोन वेगळी बटणं असतात, दोन्ही चालू हवीत. यातलं एक बंद राहिल्यामुळे डोकं धरून बसलेले लोक मी पाहिलेत.

बऱ्याच हेडसेटमध्ये फोनसाठी एक जागा, दुसऱ्या फोनसाठी एक आणि जीपीएससाठी एक अशा वेगळ्या जागा असतात. गाडी कुठल्या जागेवर जोडायची हे हेडसेटनुसार बदलतं. काही हेडसेटमध्ये जीपीएसच्या जागेवर गाडी जोडली तर फक्त सूचना ऐकू येतात, गाणी येत नाहीत. काही हेडसेट बनवणारे मात्र गाडीची स्क्रीन तिथेच जोडायला सांगतात. पुस्तिकेत गाडीच्या स्क्रीनचा उल्लेख असेल तर तो पाळा, नसेल तर फोनच्या जागेपासून सुरुवात करा.

एक सापळा खास सांगायचा आहे, कारण मी त्यात दोनदा पडलो. हेडसेटचं स्वतःचं ॲप. आवाज कमी-जास्त करायला, नवं सॉफ्टवेअर घालायला ते लागतं, आणि ते चालवायला फोन हेडसेटला जोडावा लागतो. म्हणजे जी जोडणी आपण एवढ्या कष्टाने पुसली, ती ॲप परत मागतं. सॉफ्टवेअर घालायचं असेल तर जरूर घाला, पण काम झाल्यावर फोनमधून हेडसेटचं नाव पुन्हा पुसा. आणि हे काम प्रवासाच्या आदल्या रात्री करू नका.

कारप्ले आणि अँड्रॉइड ऑटोचं (अँड्रॉइड फोनसाठीच्या तशाच सोयीचं) थोडं वेगळं आहे. मोटरसायकलवर कारप्ले पहिल्यांदा आला तो होंडाच्या गोल्ड विंगवर, २०१८ च्या मॉडेलपासून. त्याच गाडीला अँड्रॉइड ऑटो २०२० मध्ये मिळाला. गोल्ड विंग असो की हार्लेच्या मोठ्या टूरिंग गाड्या, तिथे कारप्ले उघडायला माइक असलेला हेडसेट गाडीला जोडलेला असावा लागतो. ही सगळी व्यवस्था आवाजाने हुकूम देण्यावर उभी आहे. कारमध्ये माइक छतात असतो, मोटरसायकलवर तो हेल्मेटमध्येच असणार. म्हणून चिन्ह करडं दिसलं की फोन उपटत बसू नका, हेडसेट गाडीच्या यादीत 'जोडलेला' दिसतोय का ते आधी बघा. आयफोनवर सिरी बंद करून ठेवली असेल तरी कारप्ले चालत नाही. बीएमडब्ल्यूच्या टूरिंग गाड्यांवर कंपनीचं स्वतःचं ॲप चालतं, पण फोन, गाडी आणि हेल्मेटचा त्रिकोण तोच. त्यांच्या मेन्यूत चालकाचं हेल्मेट आणि मागच्याचं हेल्मेट अशा वेगळ्या नोंदीच असतात.

केबलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तारेने जोडायच्या गाड्यांवर अर्धी भांडणं केबलची असतात आणि नाव ब्लूटूथचं होतं. फुटपाथवर मिळणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतातच. फोन चार्ज होताना दिसतो, म्हणून केबल चांगली असं आपण धरून चालतो. ती केबल घरच्या संगणकाला लावा. फोनमधले फोटो दिसले तर डेटा जातोय. केबल आखूड घ्या, दोन वितीपेक्षा लांब नको. लांब केबल गाडीवरच्या फोन ठेवायच्या डबीत गुंडाळी होऊन पडते, झाकण लावलं की वाकते, आणि खड्ड्यात गाडी आपटली की तिचं टोक सुटतं. माझी केबल घरी घट्ट बसायची आणि रस्त्यावर निसटायची. टॉर्च धरून फोनच्या भोकात पाहिलं तर तळाशी खिशातल्या धाग्यांचा दाबून दाबून झालेला करडा नमदा. फोन बंद करून लाकडी टूथपिकने तो काढला, बाजरीच्या दाण्याएवढा होता. त्यानंतर केबल 'टक' आवाज करून बसली. तो आवाज येत नसेल तर तुमच्याही फोनमध्ये पाहा.

आयफोन तासाभरापेक्षा जास्त कुलूपबंद असेल तर तो तारेवरून आलेल्या नव्या उपकरणाशी बोलायला नकार देऊ शकतो. म्हणून फोन उघडून मग केबल लावा आणि कारप्लेच्या सेटिंगमध्ये 'कुलूप असतानाही चालू दे' हा पर्याय सुरू ठेवा. अँड्रॉइड ऑटोमध्येही असाच पर्याय आहे. शिवाय बॅटरी वाचवण्याच्या नादात कित्येक अँड्रॉइड फोन मागे चालणारी ॲप मारून टाकतात. अँड्रॉइड ऑटो आणि नकाशा, दोन्हींना त्या बंधनातून मोकळं करा.

आता आपल्या गावचा विषय. नागपूरचं ऊन. पुस्तकातल्या उपायांमध्ये ते कुठे नसतं आणि आपल्याकडे मार्चअखेरपासून तेच पहिलं कारण असतं. आयफोन ० ते ३५ अंश तापमानात वापरावा असं ॲपलच सांगतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४५ आणि नवतपात त्याच्याही वर. त्यात फोन कुठे, तर टाकीवरच्या किंवा मागच्या बंद डबीत, वरून ऊन, खालून इंजिनाची धग, आणि फोन एकाच वेळी चार्ज होतोय, नकाशा चालवतोय, गाणी पाठवतोय. आधी चार्जिंग थांबतं, मग फोन मंदावतो, मग तापमानाचा इशारा देऊन गप्प होतो. आपल्याला वाटतं कारप्ले तुटला. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी आठपर्यंत सगळं सुरळीत आणि अकरानंतर दर वीस-पंचवीस मिनिटांनी तुटतं, तर ऊन समजा. फोन हातात घेऊन पाहा, चटका बसेल.

उपाय मी करून पाहिलेत. फोनचं जाड कव्हर काढून ठेवा. नकाशा वायफायवर आधीच उतरवून घ्या, त्यामुळे डेटासाठीची धडपड कमी होते आणि पेंचच्या जंगलपट्ट्यात रेंज गेली तरी रस्ता चुकत नाही. फोन निघतानाच पूर्ण भरलेला असू द्या, म्हणजे उन्हात चार्जिंगचा ताप पडत नाही. थांबल्यावर डबी उघडी ठेवा. तापलेला फोन बर्फाच्या पाण्याच्या बाटलीला लावू नका, आत बाष्प धरतं. सावलीत वाऱ्यावर ठेवला की दहा मिनिटांत निवतो. आणि फोन हँडलवर उघड्यावर लावत असाल तर एक सांगून ठेवतो : मोठ्या इंजिनाच्या कंपनांनी आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं ॲपलनेच २०२१ मध्ये कळवलं आहे. कंप झेलणारा स्टँड घ्या, नाहीतर फोन डबीतच बरा.

तारेविना जोडणाऱ्या गाड्यांवर फोन कुठे ठेवता त्यानेही फरक पडतो. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्‌झवर चालतं आणि या लहरी पाण्यात विरतात. आपलं शरीर बहुतांशी पाणीच आहे. फोन पँटच्या मागच्या खिशात आणि गाडीची यंत्रणा पुढे, म्हणजे मध्ये आख्खे आपण. फोन छातीच्या खिशात आणा, आवाजाचं अडखळणं थांबतं.

आणखी एक तक्रार बरेच जण विचारतात. गाणं येतं, पण डबड्यात वाजल्यासारखं. हेडसेट फाटला असं वाटतं. तो फाटलेला नसतो, गाणं कॉलच्या वाटेने येत असतं. ती वाट बोलण्यासाठी बनवलेली, जुन्या पद्धतीत तिच्यात सेकंदाला ८,००० नमुने एवढाच आवाज मावतो आणि नव्या पद्धतीत १६,०००. गाण्याला तेवढ्यात श्वास घेता येत नाही. माइक कुठेतरी उघडा राहिलाय, हे त्याचं कारण. इंटरकॉम (एका हेल्मेटमधून दुसऱ्याशी बोलायची सोय) चालू आहे का, आवाजाचा सहायक ऐकत बसलाय का, एखादं ॲप सूचना कॉलसारख्या पाठवतंय का, हे बघा. माइक मिटला की गाणं लगेच भरदार होतं.

मागे बसणाऱ्याचा हेडसेट आला की गुंता दुप्पट होतो. एकदा मनसरच्या पुढे मी आवाज गेला म्हणून चिडचिड करत होतो आणि मागून बायको म्हणाली, "अहो, माझ्या कानात तर येऊन राहिलं सगळं. पुढे डावीकडे वळा म्हणते." तिचा हेडसेट चालकाच्या जागी नोंदला गेला होता. रात्री दोन्ही हेडसेट एकदम सुरू करून जोडले, गाडीला आधी तिचा सापडला आणि तोच चालक ठरला. उपाय एवढाच की एका वेळी एकच हेडसेट सुरू ठेवून जोडा, आधी चालकाचा, आणि तो पक्का झाला की मगच मागचा. तसंच, दोन हेडसेटचा आपसांतला इंटरकॉम आणि गाडीतून होणारा इंटरकॉम यातला एकच निवडा. दोन्ही उघडे असले की आवाज घुमतो किंवा एकाचा दुसऱ्याला जातच नाही. आम्ही दोघंच असलो तर गाडीचा वापरतो. सोबत आणखी गाड्या असल्या तर हेडसेटचा.

फोनचं सॉफ्टवेअर बदललं आणि लगेच सगळं मोडलं, तर शोध घेत बसू नका. वर सांगितलेलं पुसणं-जोडणं सरळ पहिल्यापासून करा. त्यानेही नाही झालं तर फोनच्या नेटवर्क सेटिंग नव्याने सुरू करा. आयफोनवर त्यात वायफायचे पासवर्डही जातात, आधी लिहून ठेवा. गाडीच्या यंत्रणेचं नवं सॉफ्टवेअर आलंय का हे सर्व्हिसला गेलात की विचारून घ्या. हेडसेटची बॅटरी अर्ध्याखाली असताना यातलं काहीही करू नका.

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, म्हणून आमच्या लांबच्या फेऱ्या बहुधा जबलपूर रोडनेच होतात. कन्हान, मनसर, देवलापार, मग खवासा आणि पुढे सिवनी. या सगळ्या दुरुस्तीनंतर त्या रस्त्यावर आमचं एकाच ठिकाणी अडायचं, आणि ते म्हणजे देवलापारचा चहा. थांबलो की मी फोटो काढायला फोन उपसायचो, किल्ली बंद करायचो आणि हेडसेट मात्र सुरूच राहायचा. परत निघताना गाडी, फोन आणि हेडसेट तिघंही एकमेकांना एकदम शोधायला लागायचे आणि कारप्ले उघडायचा नाही. आता निघताना किल्ली फिरवतो, स्क्रीन पूर्ण उजळू देतो, हेडसेट जोडल्याचा आवाज कानात येईपर्यंत थांबतो आणि मग उघडलेल्या फोनला केबल लावतो. पंधरा-वीस सेकंद जातात. तेवढ्यात बायकोचे हातमोजे घालून होतात.